३१६एलमध्ये १ टक्का नॅनो अ‍ॅल्युमिना घातल्यावर ताकद का घटली आणि आता काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा. रबाळे एमआयडीसीत ३१६एल स्टेनलेस पावडरपासून पंपाचे बुश बनतात. पावडर १०० मेशच्या चाळणीतून उतरणारी, वितळलेल्या धातूवर पाण्याचा झोत मारून बनवलेली, म्हणजे वॉटर अ‍ॅटोमाइज्ड. गिऱ्हाइकाला यील्ड (ज्या ताणाला धातू कायमचा वाकायला लागतो तो ताण) ३० टक्क्यांनी वाढवून हवी आहे. म्हणून ५० नॅनोमीटरची अ‍ॅल्युमिना वजनाने १ टक्का घेतली, व्ही-ब्लेंडरमध्ये (कोरडी पावडर मिसळणाऱ्या फिरत्या भांड्यात) अर्धा तास फिरवली, ६०० मेगापास्कलला दाबली आणि बेल्ट फर्नेसमध्ये क्रॅक्ड अमोनियात ११५० °से.ला सिंटर केली, म्हणजे न वितळवता तापवून दाणे जोडले. (क्रॅक्ड अमोनिया म्हणजे अमोनिया फोडून मिळणारा हायड्रोजन-नायट्रोजन वायू.) घनता ६.५ वरून ६.२ ग्रॅम प्रति घन सेंमीवर आली, कच्च्या (दाबलेल्या, पण सिंटर न केलेल्या) तुकड्यांच्या कडा हाताळतानाच झडायला लागल्या आणि यील्ड वाढायच्या ऐवजी घटली. अ‍ॅल्युमिना खराब आली, की प्रमाण कमी पडलं?

प्रमाण अजिबात वाढवू नका. अ‍ॅल्युमिनाही बहुधा ठीकच असेल. ती बसली आहे चुकीच्या जागी, आणि तुमच्या पावडरीच्या मानाने ती कितीतरी जास्त झाली आहे. हे दोन्ही साध्या हिशोबातून दिसतं.

नॅनो कणांनी ताकद वाढते ती डिसलोकेशन अडवून. डिसलोकेशन म्हणजे धातूच्या स्फटिकरचनेतली चूक; ती सरकली की धातू वाकतो. ग्रेनच्या (धातूतल्या एकेका स्फटिकाच्या) आत सरकणारी डिसलोकेशन दोन कणांमध्ये अडकते आणि वाकून बाहेर पडायला तिला जास्त ताण लागतो. यालाच ओरोवान परिणाम म्हणतात. इथे महत्त्व आहे दोन कणांमधल्या अंतराला. आकारमानाने १ टक्का, ५० नॅनोमीटरचे कण सगळीकडे सारखे पसरले, तर दोन कणांमधलं अंतर साधारण १३५ नॅनोमीटर येतं आणि नेहमीच्या सूत्राने यील्डमध्ये ८५ मेगापास्कलच्या आसपास वाढ निघते. तेवढाच माल ५०० नॅनोमीटरच्या गुठळ्यांमध्ये राहिला तर वाढ १३ मेगापास्कलवर येते. गुठळी १ मायक्रॉनची झाली तर ७. व्ही-ब्लेंडरमधून निघालेल्या गुठळ्या बऱ्याचदा १० मायक्रॉनच्याही वर असतात. तेव्हा त्यांना नॅनो म्हणण्यात अर्थ नाही, ती पोलादात शिरलेली घाण ठरते. शिवाय हा सगळा हिशोब कण ग्रेनच्या आत आहेत असं धरून केलेला आहे. तुमचे कण ग्रेनच्या आत नाहीत, पावडरीच्या दाण्यांच्या अंगावर बसलेले आहेत.

आता दुसरा हिशोब. तो करायचं बरेच जण विसरतात. आधी वजनाची टक्केवारी आकारमानात बदला. अ‍ॅल्युमिनाची घनता ३.९५, पोलादाची ७.९५ धरली तर वजनाने १ टक्का म्हणजे आकारमानाने जवळपास २ टक्के. यिट्रिया (५.०१) असती तर १.६, सिलिकॉन कार्बाइड (३.२१) असतं तर २.४. मग दाण्याचा पृष्ठभाग कितपत झाकला जातो ते असं काढा: आकारमानाचा अंश गुणिले पावडरीच्या दाण्याचा व्यास, भागिले नॅनो कणाच्या व्यासाची चौपट. तुमच्या पावडरीचा सरासरी दाणा ६० मायक्रॉनचा धरू, म्हणजे ६०,००० नॅनोमीटर. ०.०२ गुणिले ६०,००० भागिले २०० म्हणजे ६.

म्हणजे प्रत्येक दाण्यावर अ‍ॅल्युमिनाचे सहा थर. वॉटर अ‍ॅटोमाइज्ड दाणा वेडावाकडा असतो, त्याचा पृष्ठभाग गोळ्यापेक्षा जास्त भरतो. तो दुप्पट धरला तरी तीन थर राहतातच. सिंटरिंगमध्ये पोलादाला पोलाद चिकटून दोन दाण्यांमध्ये जोडाची मान तयार व्हायला हवी, आणि तुमच्याकडे दोन्ही बाजूंनी सिरॅमिकचं अस्तर आहे. अ‍ॅल्युमिना हायड्रोजनमध्ये १३०० °से.लाही रिड्यूस होत नाही, त्यामुळे भट्टी हे अस्तर काढून देणार नाही. कडा झडण्याचं कारणही हेच. दाबताना दाण्याला दाणा घासून धातूला धातू भिडतो आणि दाणे एकमेकांत गुंततात, त्यावर कच्च्या तुकड्याची ताकद उभी असते. मध्ये पीठ पसरलं की ती पकड जाते.

हेच सूत्र उलटं वापरलं की प्रमाण ठरवता येतं. दाण्याचा पृष्ठभाग निम्म्याहून जास्त झाकला जाऊ नये, फार तर पाऊण, असं धरून चाला. ३२५ मेशखालची, सरासरी ३० मायक्रॉनची पावडर घेतली आणि अ‍ॅल्युमिना वजनाने ०.२५ टक्के ठेवली, तर आकारमानाने ०.५ टक्के होते आणि झाकलेला भाग ०.७५ येतो. दाण्याचा वेडावाकडेपणा धरला तर प्रत्यक्षात निम्म्याच्या आत. एमआयएमची (मेटल इंजेक्शन मोल्डिंग, म्हणजे बारीक धातू-पावडर साच्यात इंजेक्ट करण्याची पद्धत) १० मायक्रॉनची पावडर असेल तर तेवढ्याच अ‍ॅल्युमिनाने पावच भाग झाकला जातो. नॅनो-सिरॅमिकचं काम एमआयएममध्ये किंवा बारीक पावडरीत सोपं जातं आणि साध्या प्रेस-सिंटरमध्ये अडतं, त्याचं मूळ या भागाकारात आहे. लेझरने वितळवून छापलेल्या ३१६एलमध्ये सिलिकॉनचे बारीक ऑक्साइड कण आपोआप ग्रेनच्या आत अडकलेले मिळतात, कारण तिथे धातू वितळून पुन्हा गोठतो. सिंटरिंगमध्ये दाणा वितळत नाही. बाहेरचा कण आत जायचा तर तो आधीच आत ठोकलेला असावा लागतो.

आता मिसळायची पद्धत. कोरडं मिसळणं सोडून द्या. दोन किलोच्या ट्रायल लॉटसाठी क्रम असा ठेवा.

अ‍ॅल्युमिना ५ ग्रॅम. खरेदी करतानाच पुरवठादाराला दोन गोष्टी विचारा: फेज (स्फटिकरचना) गॅमा की अल्फा, आणि बीईटी पृष्ठभाग (वायू शोषवून मोजलेला, दर ग्रॅममागचा) किती. '२० नॅनोमीटर' म्हणून स्वस्तात मिळणारी अ‍ॅल्युमिना बहुतेक वेळा गॅमा असते. भट्टीत १००० ते १२०० °से.च्या टप्प्यात ती अल्फात बदलते, आकसते आणि कण जाडसर होतात. मग तुम्ही २०चे पैसे देऊन १०० नॅनोमीटर वापरता. ५० नॅनोमीटरच्या अल्फाचा बीईटी ३० चौरस मीटर प्रति ग्रॅमच्या आसपास असायला हवा. आकडा बराच कमी आला तर कण आधीच एकमेकांना चिकटून गेलेले आहेत आणि अल्ट्रासोनिकने ते सुटणार नाहीत.

ही ५ ग्रॅम अ‍ॅल्युमिना १५० ते २०० °से.ला चार तास वाळवा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ही पायरी टाळून चालत नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यात पावसाळ्यात हवेतला दमटपणा दिवसेंदिवस ८५-९० टक्क्यांवर असतो. उघड्या डब्यातली नॅनो पावडर तासाभरात पाणी ओढते, आणि त्या पाण्यानेच कणाला कण चिकटतो. ओव्हनमधून काढून डेसिकेटरमध्ये थंड करा आणि लगेच वापरा.

२०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल ४५ °से.पर्यंत कोमट करून त्यात ०.३५ ग्रॅम स्टिअरिक अ‍ॅसिड विरघळवा. हा आकडा अंदाजाचा नाही. ५ ग्रॅमचा पृष्ठभाग १५० चौरस मीटर होतो आणि त्यावर स्टिअरिक अ‍ॅसिडचा एकेरी थर बसायला एवढंच लागतं. स्टिअरिक अ‍ॅसिड निवडायचं कारण ते डीवॅक्सिंगमध्ये (सिंटरिंगआधी तापवून मेण काढताना) वंगणाबरोबर निघून जातं. पॉलिमर डिस्पर्संट (कण सुटे ठेवणारं रसायन) वापरला तर त्याचा कार्बन मागे राहण्याची भीती, आणि ३१६एलला कार्बनची मर्यादा ०.०३ टक्के आहे. पाणी वापरू नका. अ‍ॅल्युमिना आम्लधर्मी पाण्यात छान सुटते हे खरं, पण ते पाणी पोलादाच्या पावडरीला ऑक्सिजन चढवतं.

आता प्रोब अल्ट्रासोनिक, २० किलोहर्ट्झचा, पाच सेकंद चालू, पाच सेकंद बंद, असा २० मिनिटं. भांडं बर्फात ठेवा. आयसोप्रोपिलचा फ्लॅश पॉइंट १२ °से. आहे, म्हणजे आपल्या हवेत त्याची वाफ कायमच पेट घेण्याजोगी असते. त्यामुळे एक्झॉस्ट सुरू, भांडं अर्थ केलेलं आणि जवळपास साधी उघडी मोटर नको. प्रोबच्या टोकाकडे लक्ष ठेवा. टायटॅनियमचं टोक झिजून करडे तुकडे द्रावणात पडतात. टोक खडबडीत झालं की बदला. नीट सुटलेलं द्रावण दुधासारखं दिसतं आणि पंधरा मिनिटं ठेवलं तरी तळाला पांढरा थर धरत नाही.

पुढची चूक फार ठिकाणी होते. पोलाद पातळ द्रावणात ओततात, ढवळतात आणि ट्रेमध्ये पसरून वाळायला ठेवतात. पोलाद काही सेकंदांत तळाला जातं, अ‍ॅल्युमिना वर तरंगत राहते. वाळल्यावर ट्रेच्या कडेने एक पांढरी किनार दिसते, ताकाचा पेला वाळल्यावर उमटते तशी. ती किनार म्हणजे तुमची अर्धी अ‍ॅल्युमिना. मग ती खरवडून पुन्हा मिसळतात आणि गुठळ्या परत आणतात. त्यापेक्षा द्रावण कमी ठेवा. दोन किलो पावडरीत हे २०० मिली आणि लागलं तर आणखी १००-१५० मिली घालून घट्ट लगदा करा. सिग्मा किंवा प्लॅनेटरी मिक्सरमध्ये व्हॅक्यूमखाली ५०-६० °से.ला, पूर्ण कोरडं होईपर्यंत न थांबवता फिरवा. लगद्यात पोलादाला खाली बसायला वाव मिळत नाही. नंतर ८० °से.ला व्हॅक्यूम ओव्हन, १०० मेशची चाळणी, आणि शेवटी १५ ग्रॅम एथिलीन बिस-स्टिअरामाइड मेण घालून १५ ते २० मिनिटं व्ही-ब्लेंडर. ब्लेंडरचं काम फक्त या शेवटच्या पायरीला.

चाळणीतून उतरलेली चिमूटभर पावडर काळ्या कागदावर बोटाने ओढून ट्यूबलाइटखाली दहापट भिंगातून पाहा. पांढरे ठिपके दिसले तर तो लॉट दाबूच नका. गुठळी कार्बाइड डायच्या भिंतीवर ओरखडे काढते, ते नुकसान वेगळंच.

बरोबर एक कंट्रोल लॉट बनवायलाच हवा: साधी ३१६एल पावडर, अ‍ॅल्युमिना नाही, पण तोच अल्कोहोल, तेच स्टिअरिक अ‍ॅसिड, तेच ढवळणं, तेच वाळवणं. एवढ्या हाताळणीने पावडरीचा ऑक्सिजन आणि कार्बन बदलतो. तो फरक नॅनोच्या नावावर जमा होता कामा नये. म्हणजे चार लॉट: हा कंट्रोल, ०.१, ०.२५ आणि ०.५ टक्के. प्रत्येकाच्या किमान सात टीआरएस (वाकवून मोडायची ताकद मोजण्याच्या) पट्ट्या काढा. ३१.७ बाय १२.७ मिमीच्या पट्टीला ६०० मेगापास्कल म्हणजे साधारण २५ टनांचा दाब, छोट्या प्रेसवरही होतो. यील्ड मोजायला टेन्साइलचे (ओढून तपासायचे) तुकडे वेगळे दाबा. टीआरएसवरून यील्ड सांगू नका.

३२५ मेशची पावडर वाहत नाही, ही अडचण खरी आहे. हॉल फ्लोमीटरमधून (पावडर किती वाहते ते मोजणाऱ्या नरसाळ्यातून) ती थांबून थांबून येईल, कदाचित येणारच नाही. ट्रायलमध्ये डाय हाताने भरा. उत्पादनाला जायचं तर मेणाने ग्रॅन्युलेट करावी लागेल. एवढा खटाटोप परवडत नसेल, तर १०० मेशच्याच पावडरीवर ०.१ टक्का घालून पाहा. झाकलेला भाग ०.६ येतो, वेडावाकडेपणा धरून निम्म्याच्या आत. मिळणारा फायदा मात्र तसाच माफक राहील, कारण कण दाण्याच्या हद्दीवरच बसलेले असतात. तिथे ते ग्रेन वाढायला अटकाव करतात, डिसलोकेशनच्या वाटेत फारसे येत नाहीत.

भट्टीबद्दल. ट्रायल क्रॅक्ड अमोनियात करू नका. त्यात २५ टक्के नायट्रोजन असतो, तो ३१६एलमध्ये शिरून स्वतःच ताकद वाढवतो. मग वाढलेली यील्ड नॅनोची की नायट्रोजनची, सांगता येत नाही. कोरडा हायड्रोजन किंवा व्हॅक्यूम घ्या. बेल्ट फर्नेसच्या ११५० °से.ला अस्तर चढलेले दाणे जुळत नाहीत, १२५० ते १३५० °से. लागेल. व्हॅक्यूम भट्टीचं जॉबवर्क करून घेत असाल तर ती भट्टी १३५० °से.वर तासभर धरता येते का ते आधी विचारा. काही मिलिबार आर्गॉन सोडायला सांगा, नाहीतर पृष्ठभागावरचं क्रोमियम उडून जातं. हायड्रोजनचा ड्यू पॉइंट (वायूतल्या ओलाव्याचं माप; जितका खाली तितका वायू कोरडा) उणे ४० °से. किंवा त्याखाली हवा, आणि तो मोजायचा भट्टीच्या गरम भागातून नळी काढून. जनरेटरच्या तोंडाशी उणे ६० दाखवणारा वायू, पट्ट्यांबरोबर आत आलेल्या दमट हवेने भट्टीत उणे २५ झालेला असू शकतो. पावसाळ्यात हे जास्त. डीवॅक्सिंगही सावकाश करा, ५०० ते ५५० °से.ला नेहमीपेक्षा दीडपट वेळ द्या. नॅनोमुळे छिद्रांच्या वाटा अरुंद होतात, मेणाची वाफ कोंडते, पृष्ठभागावर फोड येतात किंवा कार्बन आत राहतो. थंड करताना १००० ते ७०० °से.चा टप्पा भरभर ओलांडा.

तपासणीत फसण्याच्या जागा तीन. पहिली, घनता. १ टक्का अ‍ॅल्युमिना घातल्यावर पूर्ण भरीव मालाची घनताच ७.९५ वरून ७.८७ होते, त्यामुळे तुलना टक्केवारीत करा. दुसरी, ऑक्सिजन. अ‍ॅल्युमिनाच्या वजनात ४७ टक्के ऑक्सिजन आहे. ०.२५ टक्के अ‍ॅल्युमिना म्हणजे रिपोर्टमध्ये ०.१२ टक्के ऑक्सिजन आपोआप जास्त. तो वजा करूनच भट्टीला दोष द्या. तिसरी, कडकपणा. रॉकवेल बी छिद्रांसकट मोजतो, म्हणून ५० ग्रॅम भाराचा मायक्रोहार्डनेसही घ्या. मायक्रोहार्डनेस वाढला आणि रॉकवेल घटला, तर नॅनो काम करतंय पण छिद्रं ते खाऊन टाकताहेत. तापमान किंवा दाब वाढवा. मायक्रोहार्डनेस जागचा हलला नाही, तर अ‍ॅल्युमिना गुठळ्यांमध्येच आहे. मिसळण्याकडे परत जा.

साध्या मायक्रोस्कोपखाली गुठळी आणि छिद्र दोन्ही काळंच दिसतं. छिद्र वाटलेला डाग अ‍ॅल्युमिनाचा निघतो, किंवा पॉलिश करताना गुठळी निसटून खरंच छिद्र पडतं. तुटलेला तुकडा एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये) घालून अ‍ॅल्युमिनियमचा ईडीएस नकाशा (कोणतं मूलद्रव्य कुठे आहे ते दाखवणारा) काढा. दाण्यांच्या कडेने जाळं उमटलं तर प्रमाण अजून जास्त आहे. एकेकटा ५० नॅनोमीटरचा कण ग्रेनच्या आत आहे की नाही, हे टीईएमशिवाय (नमुन्याच्या आरपार पाहणाऱ्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपशिवाय) कळत नाही. त्यासाठी ऐरोली पूल ओलांडून पवईला आयआयटी मुंबईच्या सैफ केंद्रात नमुना देता येतो. सगळे नमुने पाठवू नका, सर्वात चांगला आणि कंट्रोल, दोनच.

कण खरोखर ग्रेनच्या आत घालायचे असतील तर मिलिंगला, म्हणजे चेंडूंच्या गिरणीत पावडर ठोकण्याला, पर्याय नाही. अणुभट्ट्यांसाठीची यिट्रियावाली ओडीएस (आत बारीक ऑक्साइड कण पसरलेली) पोलादं तशीच बनतात. त्यांच्यात यिट्रिया ०.२५ ते ०.५ टक्केच असते, हेही ध्यानात घ्या. चेंडू आणि पावडर १०:१, आर्गॉन, ०.५ ते १ टक्का स्टिअरिक अ‍ॅसिड, स्टेनलेसचं भांडं आणि चेंडू. पण मिलमधून निघालेली पावडर इतकी कडक होते की ६०० मेगापास्कलला दबत नाही. म्हणून ओडीएसला एचआयपी (गरम असताना वायूने सगळीकडून दाबणं) किंवा एक्स्ट्रूजन करतात. प्रेस-सिंटरसाठी मधली वाट म्हणजे हलकं मिलिंग, दोन ते चार तास, कण पृष्ठभागात रुतेपर्यंत, आणि मग ९५० ते १००० °से.ला हायड्रोजनमध्ये मऊ करणं. इथे एक सोपी परीक्षा आहे. ३१६एल चुंबकाला जवळजवळ चिकटत नाही, पण मिलिंगनंतर कागदाखालून चुंबक फिरवला की पावडर केसांसारखी उभी राहते. तो ठोकण्यामुळे झालेला मार्टेन्साइट, पोलादाची कडक, चुंबकाला चिकटणारी रचना. मऊ केल्यावर तो जातो आणि पावडर पुन्हा निपचित पडते. मऊ केल्यावरही उभी राहिली, तर चेंडू स्टेनलेसचे नसावेत, त्यांचं साधं लोखंड त्यात उतरलं आहे. ते गंजणार. तो लॉट बाद करा.

दुसरं सिरॅमिक घ्यावं का, हाही प्रश्न येईलच. सिलिकॉन कार्बाइड नको. ते सिंटरिंगच्या तापमानाला पोलादात विरघळतं आणि कार्बन सोडतं. सिलिकॉन नायट्राइडही सुटतं. टायटॅनियम डायबोराइडचं बोरॉन पोलादाशी वितळणारा द्रव करतं, घनता वाढते, पण ते कणांनी मजबूत करणं नव्हे आणि ग्रेनच्या कडेला ठिसूळ बोराइड बसतं. अ‍ॅल्युमिना, यिट्रिया, फार तर टायटॅनियम कार्बाइड.

आणि खर्च करण्याआधी गिऱ्हाइकाला विचारा, यील्ड नेमकी कशासाठी हवी? खोलीच्या तापमानाला वाकू नये एवढंच असेल, तर नायट्रोजन खूप स्वस्त पडतो. एमपीआयएफच्या (अमेरिकेतल्या धातू-पावडर उद्योगसंघाच्या) ३५ क्रमांकाच्या मानकात व्हॅक्यूममध्ये सिंटर केलेल्या ३१६एल-१५ ची किमान यील्ड १५ हजार पीएसआय आहे, म्हणजे १०३ मेगापास्कल. क्रॅक्ड अमोनियात उच्च तापमानाला केलेल्या ३१६एन२-३३ ची ३३ हजार, म्हणजे २२८. दुपटीहून जास्त, आणि नॅनोचा एक ग्रॅमही न घालता. त्याची किंमत गंजरोधकतेत मोजावी लागते. सावकाश थंड केलं तर क्रोमियम नायट्राइड सुटतं, आणि खाडीच्या खाऱ्या वाऱ्यात उघड्या क्रेटमध्ये ठेवलेल्या बुशवर महिनाभरात चहासारखे डाग उमटतात. पंपात क्लोराइडचं पाणी असेल तर नायट्रोजनची वाट धरताना मिठाच्या फवाऱ्याची चाचणी करून घ्याच. बुश झिजतो म्हणून यील्ड मागितली असेल, तर १७-४पीएचचा (उष्णोपचाराने कडक होणाऱ्या स्टेनलेसचा) विचार आधी करा. गरम पाण्यावर, वाफेवर दीर्घकाळ भार सोसायचा असेल आणि ३१६एलच हवं असेल, तेव्हा नॅनो ऑक्साइडची मेहनत वसूल होते.

सध्याच्या लॉटचं काय करायचं तेही सांगतो. १ टक्केवाली उरलेली पावडर साध्या पावडरीत मिसळून पातळ करू नका. गुठळ्या तशाच राहतात, फक्त विरळ होतात, आणि दर शंभरातला एखादा बुश गिऱ्हाइकाकडे जाऊन तडकतो. ती बाजूला, सीलबंद डब्यात, नाव घालून ठेवा. ब्लेंडर आणि फीड शू (डायमध्ये पावडर भरणारा भाग) ओल्या फडक्याने आणि हेपा फिल्टरच्या व्हॅक्यूमने साफ करा. ब्रश किंवा हवेच्या नळीने नको, नॅनो पीठ हवेत उडून माणसांच्या फुफ्फुसात जातं. फिल्टरवाले मास्क घालूनच हे काम करा. साफ झाल्यावर पहिले २०० ग्रॅम साधी पावडर सोडून द्या, आणि मगच कंट्रोल लॉट भरा.